पोटाला घाला, हिस्सा देऊ नका

२५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळली, हे आपल्याला पाठ आहे. पण त्या पुस्तकात आपल्याबद्दल काय होतं तेवढंच आपण सभेत सांगतो. आंधळ्या-बहिऱ्यांबद्दल, बायकांबद्दल काय होतं ते राहून जातं. दोस्तहो, हे सगळं एकत्र वाचलं पाहिजे.

आठव्या अध्यायात मनू सांगतो, बायको, पोरगा, दास चुकले तर दोरीनं नायतर वेळूच्या कामटीनं मारावं. नवव्यात सांगतो, रीतसर लग्न लावून आणलेली पोरगी रोगी निघाली तर टाकून द्यावी. त्याच अध्यायात पुढं जन्मांध, बहिरा, मुका, वेडा यांना बापाच्या मिळकतीत हिस्सा नाही. आणि लगेच पुढच्या श्लोकात दया येते: त्यांना अन्नवस्त्र मात्र द्यावं. म्हंजे पोटाला घाला, हिस्सा देऊ नका.

खरी गोम इथंच आहे. जिला हिस्सा नाही तिला घर सोडता येत नाही. आणि जिला घर सोडता येत नाही, तिच्यावर हात उचलायला नवऱ्याला भीती कसली? कुबडी लपवली, औषध दिलं नाही, पेन्शनचे पैसे काढून घेतले, तरी ती जाईल कुठं?

पुस्तक जळलं, पण कायद्यातून ते एका रात्रीत गेलं नाही. १९२८ च्या कायद्यानं आंधळ्या-बहिऱ्यांना वारसा मिळाला. जन्मापासूनचे वेडे, जडबुद्धी बाहेरच राहिले. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या दलित महिला परिषदेला सुमारे २५ हजार बायका जमल्या. लग्न झालेल्या मुलीनं नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीनं उभं राहावं, दासी होऊ नये, असं बाबासाहेबांनी तिथं सांगितलं. हिंदू कोड बिल रखडवलं, म्हणून १९५१ ला त्यांनी मंत्रिपदाला लाथ मारली. १९५६ च्या वारसा कायद्यानं रोग आणि व्यंग ही सबब काढून टाकली. तरी विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ पर्यंत टिकलं. रोग औषधानं बरा व्हायला लागला, कायदा बरा व्हायला कैक वर्षं लागली.

शिक्षणाचं तेच. १८४८ ला सावित्रीबाई-जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. २०११ च्या जनगणनेत अपंग पुरुषांत सुमारे ६२ टक्के साक्षर, अपंग बायकांत ४५. शिकलेल्या बाईला मार बसत नाही असं नाही. पण अर्ज वाचता येणं, स्वतःची सही, स्वतःचा पगार, ही हिस्स्याचीच रूपं. बहिऱ्या मुलीला खुणांची भाषा शिकवलीच नाही, तर पोलीस ठाण्यात तिचं म्हणणं सांगणार कोण? ज्यानं मारलं तोच?

२०१३ च्या दुरुस्तीनं अपंग बाईची तक्रार तिच्या घरी नायतर सोयीच्या जागी, दुभाष्यासमोर घ्यायचं ठरलं. पण ते लैंगिक गुन्ह्यांपुरतं. नवऱ्याच्या छळाचं कलम त्या यादीत नाही. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा मात्र बाईला राहत्या घराचा हक्क देतो. कोर्ट मारणाऱ्यालाच घराबाहेर काढू शकतं. हे किती जणींपर्यंत आपण पोचवलं?

साड्या-कुबड्या वाटायचे कार्यक्रम आपणही करतो. तो अन्नवस्त्राचाच श्लोक आहे, गड्यांनो. पुढची बैठक माडीवर नको, तळमजल्यावर घ्या. तिला बोलवा, आणि मंडळाच्या हिशेबाची वही तिच्या हातात द्या.