मल्हारनगरची नाणी आणि चिंचेचे पाणी

माळव्यात पाया खणताना वा शेत नांगरताना होळकरशाहीतील नाणे हाती आले, की ते घरच्या तांब्यापितळेप्रमाणे चिंच आणि राखेने घासण्याची रीत जुनी आहे. नाणे लखलखते खरे. परंतु त्यावरील इतिहास पुष्कळदा त्या घासणीतच वाहून जातो.

इंदूरच्या टांकसाळीचे नाव नाण्यांवर ‘मल्हारनगर’ असे येई व तिची खूण होती सूर्यमुख. महेश्वरच्या नाण्यांवर शिवलिंग आणि बिल्वपत्र असे. अहिल्याबाईंच्या कारकिर्दीतही (१७६७–१७९५) लेख मात्र फार्सी, आणि नाव दिल्लीचा बादशहा दुसरा शाह आलम याचे! ठसा चकतीहून मोठा असल्याने हिजरी सन अनेकदा कडेला अर्धामुर्धाच उमटे. घासताना नेमकी तीच कड आधी झिजते. आणि सन गेला, की नाणे अहिल्याबाईंच्या काळचे की त्यांच्यानंतरचे हे ठरविणे कठीण, कारण बादशहाचे नाव पुढेही तेच राहिले.

तांब्यावरचा घट्ट, एकसारखा हिरवा थर नाण्याचे रक्षणच करतो. फिकट हिरवी, भुसभुशीत पूड हे मात्र क्षारांनी धातू पोखरल्याचे लक्षण. तेथे जाणकाराचाच हात हवा. एरवी ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून, मऊ कुंचल्याने माती सोडवून नाणे पूर्ण कोरडे करावे, एवढे पुरे.

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. तेव्हा मडके आणि त्यातील मातीही तशीच ठेवावी. सन स्पष्ट असलेल्या एखाद्या नाण्यावरून तो ठेवा केव्हा पुरला गेला, याचा अदमास लागतो.