खोटा तपकिरी

मुलुंडहून परळला जाणाऱ्या स्लो लोकलमध्ये माझ्या खिशात मावशीच्या गाठीचा तुकडा होता. मेणात बसवलेला, काडेपेटीहून लहान. सोबत काचपट्ट्या आणि एक रिपोर्ट: हर-टू, ३+. म्हणजे वर्षभर दर तीन आठवड्यांनी ट्रास्टुझुमॅब, आणि अधूनमधून टू-डी एको काढून हृदयावर लक्ष. परळच्या फेरतपासणीत निकाल आला १+. म्हणजे ते औषध नाही. पहिल्या काचपट्टीवर गाठीशेजारच्या निरोगी नलिकाही गडद तपकिरी झाल्या होत्या. जे रंगायलाच नको ते रंगलं, तर बाकीच्या रंगावर विश्वास कसा ठेवायचा?

खोटे अलार्म कुठून येतात ते शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे हा रंग कुठून आला ते वाचत बसलो, आणि कळलं की हा त्रास या तंत्राइतकाच जुना आहे.

१९३९च्या उन्हाळ्यात अल्बर्ट कून्स हा तरुण अमेरिकन डॉक्टर बर्लिनमध्ये सुट्टीवर होता. तिथे त्याला सुचलं, की अँटीबॉडी आपलं लक्ष्य बरोबर हुडकते, तर तिलाच रंग बांधावा. मग लक्ष्य कुठे आहे ते सूक्ष्मदर्शकातून दिसेल. हार्वर्डला परतल्यावर १९४१मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी ते करून दाखवलं. पण त्यांचं रसायन निळं चमकायचं, आणि अतिनील प्रकाशात शरीराच्या ऊतीही मुळातच निळसर चमकतात! पुढच्याच वर्षी त्यांनी हिरवं चमकणारं फ्लुरोसिन घेतलं. १९५०मध्ये कून्स आणि कॅप्लान यांनी आणखी एक युक्ती वापरली: अँटीबॉडीचं द्रावण आधी वाळवलेल्या ऊतींच्या पुडीत घुसळायचं. कुठेही चिकटणारा माल तिथेच चिकटून जातो.

त्याच १९४१मध्ये, २८ फेब्रुवारीला, परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची घडी बसवली डॉ. वसंत खानोलकरांनी. त्या काळात निदानाची मदार मुख्यतः पेशींच्या आकारावर आणि बघणाऱ्याच्या नजरेवर होती.

तपकिरी रंग आला १९६६च्या सुमारास. नाकाने आणि पिअर्स यांनी अँटीबॉडीला पेरॉक्सिडेज हे विकर जोडलं. ते मिळतं हॉर्सरॅडिश या मुळ्याच्या कुळातल्या वनस्पतीतून. (मुळाची चव तशीच लागते म्हणून इंग्रजांनी आपल्या शेवग्याला तिचंच नाव दिलं.) डीएबी नावाचं रसायन या विकरामुळे तपकिरी होऊन जागच्या जागी बसतं. साधा सूक्ष्मदर्शक पुरतो, काचपट्टी वर्षानुवर्षं टिकते. पण रक्तपेशीही तसंच काम करतात, त्यामुळे जिथे रक्त तिथे तपकिरी. उपाय: आधी हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन त्यांना थकवायचं. अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून दुसऱ्या अँटीबॉडीच्या जनावराचा साधा सीरम आधी पसरायचा. सगळ्या मोकळ्या खुर्च्यांवर रुमाल टाकून ठेवावेत तसा. लोकलमध्ये वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

१९८१मध्ये सू आणि सहकाऱ्यांनी अंड्याच्या पांढऱ्यातलं अविडिन आणि बायोटिन यांची जोडी वापरून रंग कितीतरी पट वाढवला. आता यकृत आणि मूत्रपिंड उगाच रंगू लागले, कारण बायोटिन तिथे मुळातच भरपूर असतं. मग काही प्रयोगशाळा त्या बायोटिनचं तोंड बंद करायला काचपट्टीवर अंड्याचा पांढरा बलकच ओतू लागल्या. १९९१मध्ये शी आणि सहकाऱ्यांनी फॉर्मलिनने झाकलेली लक्ष्यं उघडायला काचपट्ट्या मायक्रोवेव्हमध्ये उकळल्या. पुढे प्रेशर कुकरही आला. त्या उष्णतेने दडलेलं बायोटिनही उघडं पडलं. शेवटी अनेक ठिकाणी बायोटिनच सोडून पॉलिमरच्या धाग्यावर विकर ओवलं गेलं. मला यातली सर्वांत मोठी सुधारणा हीच वाटते. इथे आवाज दाबला नाही, त्याचं कारणच काढून टाकलं.

फॉर्मलिनचा प्रश्न मात्र कुठल्याही किटमध्ये सुटत नाही. स्तनाच्या गाठीला ते किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास मिळायला हवं. लोणच्यासारखं ते बाहेरून आत हळूहळू मुरतं. शनिवारी रात्री काढलेली गाठ न कापता तशीच डबीत राहिली, तर कडा पक्क्या होतात आणि मधला भाग कच्चा राहतो. कच्च्या जागी रंग नको तसा पसरतो. मावशीच्या गाठीचं नेमकं काय झालं ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. रिपोर्टवर ऑपरेशनची तारीख आहे, वेळ नाही.

मेणाची वडी परत मिळाली. मावशीने ती बँकेच्या पासबुकांच्या पिशवीत ठेवली आहे.