नांवाचा हक्क आणि अक्षरांचें कोठार

डोनाल्ड क्नूथ हे अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते. १९७७ सालीं त्यांच्या बहुखंडी ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीचीं प्रुफें त्यांच्या हातीं आलीं. पहिली आवृत्ति शिशाच्या खिळ्यांवरून छापलेली होती. नवी जुळणी प्रकाशचित्रणाच्या यंत्रावरची होती, आणि ती पाहून त्यांचें मन विटलें. इतक्या श्रमाचा ग्रंथ असल्या वेषांत लोकांपुढें ठेवणें त्यांना बरें वाटेना. तेव्हां जुळारी व्हावें तें संगणकानेंच, असा त्यांनीं निश्चय केला. वर्षभरांत उरकेल असें वाटलेलें हें काम सुमारें दहा वर्षें चाललें. त्यांतून ‘टेक्’ ही अक्षरजुळणीची प्रणाली आणि टंक रेखाटणारी ‘मेटाफाँट’ ही तिची बहीण, अशा दोघी जन्मास आल्या.

क्नूथ यांनीं हें धन सर्वांस मोकळें केलें, पण एक अट घातली. ज्याला बदल करावयाचा असेल त्यानें खुशाल करावा. मात्र बदललेल्या वस्तूस ‘टेक्’ म्हणूं नये. आज लिहिलेलें हस्तलिखित पुष्कळ वर्षांनींहि त्याच जागीं ओळी तुटून तसेंच्या तसें छापलें जावें, हा त्यामागील हेतु होता. पुढील बराचसा इतिहास या एका अटीभोंवतीं फिरतो.

टेक् च्या पायावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं १९८० नंतरच्या दशकांत ‘लाटेक्’ रचली. मग कोणी बुद्धिबळाचे पट, कोणी संगीताची स्वरलिपि, कोणी आपली भाषा छापण्याची सोय तिला जोडली. हे कर्ते बहुतेक प्राध्यापक नि विद्यार्थी; त्यांना ना पगार, ना मालक. १९९२-९३ च्या सुमारास त्यांच्या फाइली ‘सीटॅन’ नांवाच्या सामायिक भांडारांत गोळा होऊं लागल्या, तरी प्रत्येक संगणकावरील मांडणी मात्र ज्याची त्याची. टेक् फाइल शोधते ती नांवावरून. त्या नांवाची पहिली जी सांपडेल ती उचलते. एकाच आळींत दोन गोविंदराव असले म्हणजे पोस्टमनची जी फजिती होते, तीच येथें होई, आणि तीहि गुपचूप. म्हणून टेक् वापरणारांच्या संघाच्या एका समितीनें १९९४ सालीं मांडणीचे नियम आंखावयास घेतले. सर्व सामग्री एका मुळाखालीं. टंक एकीकडे, मजकुराचे सांचे दुसरीकडे, माहितीपत्रकें तिसरीकडे.

डेबियन ही कार्यप्रणाली इयान मर्डॉक यांनीं १९९३ सालीं सुरू केली. तीहि स्वयंसेवकांचीच. तिच्यांत पुष्कळ वर्षें टेक् येत असे ती जर्मनींतील टॉमस एसर यांच्या ‘टेटेक्’ या संग्रहाच्या रूपानें. आणि येथेंच नांवाचा तंटा उभा राहिला. लाटेक् च्या परवान्यांत अशी अट होती कीं, जो फाइल बदलील त्यानें तिचें नांवहि बदलावें. डेबियनचें ब्रीद असें कीं, आपल्या मुख्य भांडारांतील कोणतीहि वस्तु बदलण्याचा हक्क वापरणारास असला पाहिजे. २००२ सालीं वाद पेटला. फ्रँक मिटेलबाख प्रभृति लाटेक् चे पालक म्हणत, फाइलीचें नांव हा तिचा पत्ता आहे. त्याच पत्त्यावर दुसराच कोणी राहूं लागला तर हस्तलिखितांचा भरंवसा गेला. डेबियनवाले म्हणत, पायाची एक फाइल बदलतांच तिला हांक मारणाऱ्या शेंकडों फाइली बदलाव्या लागणार असतील, तर तो हक्क कागदावरचाच. खरें पाहतां दोन्ही पक्षांचें म्हणणें रास्त होतें, आणि म्हणूनच भांडण लांबलें. २००३ च्या अखेरीस निघालेल्या नव्या परवान्यानें तोड निघाली : नांव तेंच ठेवा, पण ‘मी बदललेली आहें’ असें त्या फाइलीनें काम करतांना स्वतःच स्पष्ट सांगावें.

तोंच दुसरें संकट आलें. २००६ च्या मे महिन्यांत एसर यांनीं टेटेक् चें काम थांबवीत असल्याचें जाहीर केलें. इतका मोठा डोलारा मुख्यतः एका माणसाच्या खांद्यावर उभा होता, हें अनेकांस तेव्हां उमगलें. सुदैवानें सेबास्टियन रात्झ व त्यांचे सहकारी १९९६ पासून ‘टेक् लाइव्ह’ हा संग्रह काढीतच होते. नॉर्बर्ट प्राइनिंग, फ्रँक क्यूस्टर वगैरे मंडळींनीं तो डेबियनमध्यें बसविला. २००७ च्या आवृत्तींत दोन्ही संग्रह नांदले. २००९ च्या आवृत्तींत टेक् लाइव्ह एकटाच उरला.

परंतु एवढा ग्रंथसंभार द्यावा कसा? सगळा एका पॅकेजांत बांधावा, तर साधें पत्र लिहिणारास डोंगर उचलावा लागे. हजारों पॅकेजें करावीं, तर भांडाराची सूचीच फुगे. म्हणून मधला मार्ग निघाला : मूळ संच, शिफारशीचा संच, जादा संच, भाषावार व टंकांचे संच, माहितीपत्रकांचीं पॅकेजें निराळीं. तोड व्यवहारी खरी, पण ‘जादा’ हा संच म्हणजे घरांतल्या त्या खणासारखा, ज्यांत चाव्या, बटणें आणि सुतळी एकत्र नांदतात. हवा तो सांचा कोणत्या संचांत आहे, हें नवख्यास उमगत नाहीं. मग तो कंटाळून कित्येक गिगाबाइटांचा सबंध संग्रहच उतरवून घेतो.

हॉलंडांतील ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या फ्रान्स वेल्टहुइस यांनीं १९९१ सालीं टेक् साठीं देवनागरी टंक केले. त्यांतच पुढें कांहीं अक्षरांचें मुंबई वळण आणि कलकत्ता वळण असे भेद आले. टेक् लाइव्हमध्यें भारतीय भाषांचा निराळा संच पूर्वी होता, तो नंतर दुसऱ्या एका मोठ्या संचांत मिळविण्यांत आला. डेबियन वापरणाऱ्या मराठी माणसास तें मुंबई वळण हवें असेल, तर त्याला ‘इतर भाषा’ या नांवाचें पॅकेज मागावें लागतें.