शासनपद्धतींची तुलना : सरकार कोण घडवते, कोण हटवते?

१७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत अटलबिहारी वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० मतांनी फेटाळला गेला आणि तेरा महिन्यांचे ते सरकार कोसळले. ब्रिटनमध्ये २८ मार्च १९७९ रोजी जेम्स कॅलहान यांच्या सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव ३११ विरुद्ध ३१० मतांनी संमत झाला होता. तेथेही एका मताने सत्ता गेली. अमेरिकेत १८६८ मध्ये मात्र उलट घडले. महाभियोगात राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्या विरोधात ३५ आणि बाजूने १९ मते पडली. दोनतृतीयांश बहुमतास एक मत कमी पडल्याने ते पदावर कायम राहिले.

दोन देशांत साध्या बहुमताने सरकार जाते आणि तिसऱ्या देशात मोठे बहुमत विरोधात असूनही सत्ताप्रमुख टिकतो. हा भेद व्यक्तींचा नसून शासनपद्धतीचा आहे. अशा भेदांची कारणे व परिणाम शोधणे हे तुलनात्मक राज्यशास्त्राचे कार्य होय. त्यासाठी प्रत्येक देशाला समान प्रश्न विचारावे लागतात : सत्ताप्रमुखाची निवड कोण करते? मुदतीपूर्वी त्याला कोण आणि कोणत्या कारणास्तव दूर करू शकते?

संसदीय आणि अध्यक्षीय पद्धती

भारत व ब्रिटनमध्ये मंत्रिमंडळ कनिष्ठ सभागृहाला जबाबदार असते. सभागृहाचा विश्वास गमावणे हेच सरकार जाण्यास पुरेसे कारण आहे. गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची चार वर्षांची मुदत काँग्रेसच्या विश्वासावर अवलंबून नसते. देशद्रोह, लाचखोरी किंवा अन्य गंभीर गुन्हे व गैरवर्तन याच कारणांस्तव महाभियोग चालविता येतो. जॉन्सन यांच्यानंतर बिल क्लिंटन यांच्यावर १९९८ मध्ये, तर डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर २०१९ व २०२१ मध्ये महाभियोग आणला गेला. सिनेटने प्रत्येक वेळी त्यांना दोषमुक्त ठरविले.

मधले मार्ग

फ्रान्सच्या १९५८ च्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्ष आणि संसदेला जबाबदार असणारा पंतप्रधान अशी दुहेरी रचना आहे. १९६५ पासून राष्ट्राध्यक्षाची निवड थेट जनतेकडून होते. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेने पंतप्रधान मिशेल बार्निए यांचे सरकार पाडले. राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांच्या पदावर मात्र त्याचा परिणाम झाला नाही.

जर्मनीने वेगळा उपाय योजला. पहिल्या महायुद्धानंतरच्या वायमार प्रजासत्ताकात परस्परविरोधी पक्ष सरकार पाडण्यापुरते एकत्र येत, परंतु नवे सरकार देऊ शकत नसत. त्या अनुभवातून १९४९ च्या राज्यघटनेत अशी तरतूद झाली, की नव्या चान्सलरची निवड केल्याखेरीज संसदेला विद्यमान चान्सलरविरुद्ध अविश्वास संमत करता येत नाही. १ ऑक्टोबर १९८२ रोजी याच मार्गाने हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल आले.

नावांचा चकवा

केवळ पदनामावरून पद्धती ओळखता येत नाही. दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्राध्यक्ष स्वतः सरकार चालवितो. परंतु त्याला संसद निवडते आणि अविश्वास ठरावाने दूरही करू शकते. म्हणजे नाव अमेरिकेसारखे असले, तरी जबाबदारीचे सूत्र संसदीय आहे. उलट भारताचे राष्ट्रपती राष्ट्रप्रमुख असले, तरी ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार कार्य करतात.

भारताची निवड

हा प्रश्न आपल्या संविधान सभेपुढेही होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्थैर्य आणि जबाबदारी हे दोन निकष सांगितले. दोन्ही सारख्याच प्रमाणात देणारी पद्धती अद्याप सापडलेली नाही, असे नमूद करून त्यांनी अमेरिकी पद्धतीत स्थैर्य, तर ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी अधिक असल्याचे स्पष्ट केले. मसुद्याने अधिक जबाबदारीला पसंती दिली होती.

१९९९ मध्ये एका मताने सरकार गेले, ते या निवडीस अनुसरूनच. त्याची किंमत म्हणून देशाला दीड वर्षातच पुन्हा लोकसभा निवडणुकीला सामोरे जावे लागले. अमेरिकेसारख्या पद्धतीत ही निवडणूक टळली असती. मात्र बहुमताचा विश्वास नसलेले सरकार मुदत संपेपर्यंत कायम राहिले असते. कोणती पद्धती श्रेष्ठ, या वादात उतरण्यापूर्वी या दोन्ही बाजू पाहणे आवश्यक ठरते.