शैवालभक्षी मासे (प्रवाळ मत्स्यालय)

शैवालभक्षी मासे हे खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ मत्स्यालयात नको असलेल्या शैवालाची वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी पाळले जाणारे मासे होत. सर्जनमासे (टँग), रॅबिटफिश आणि ब्लेनी या गटांतील काही जातींचा यासाठी प्रामुख्याने उपयोग केला जातो.

पार्श्वभूमी

निसर्गात प्रवाळभित्तींवर मासे व सागरी अर्चिन सतत चरत असल्याने शैवाल आखूड राहते आणि प्रवाळांच्या डिंभांना खडकावर जागा मिळते. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रातील *डायाडेमा अँटिलारम* हे अर्चिन रोगाने मोठ्या प्रमाणावर मेले. जमैकात अतिमासेमारीमुळे शैवालभक्षी मासे आधीच घटलेले असल्याने तेथील भित्ती शैवालाने व्यापल्या. मत्स्यालयाच्या बंदिस्त पाण्यात खाद्य व विष्ठेतून नायट्रेट आणि फॉस्फेट साचतात. त्यावर शैवाल झपाट्याने वाढून प्रवाळांना झाकू शकते.

प्रमुख जाती

* पिवळा टँग (*झेब्रासोमा फ्लाव्हेसेन्स*) – लांबी सुमारे २० सेंमीपर्यंत. तंतुमय शैवाल कुरतडतो. शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो.
* कोले टँग (*टेनोकीटस स्ट्रायगोसस*) – कुंचल्यासारख्या बारीक दातांनी खडकावरील शैवालाचा पातळ थर व सेंद्रिय गाळ गोळा करतो. लांब तंतूंवर याचा फारसा उपयोग होत नाही.
* फॉक्सफेस (*सिगॅनस व्हल्पिनस*) – मोठ्या आकाराचे शैवालही खातो. परांचे काटे विषारी असतात. उपाशी राहिल्यास प्रवाळ कुरतडू शकतो.
* लॉनमोअर ब्लेनी (*सलारियस फॅसिएटस*) – लांबी सुमारे १४ सेंमीपर्यंत. खडक व काच खरवडते. शैवाल संपल्यावर तयार खाद्य न स्वीकारल्यास उपासमारीने मरू शकते.

मर्यादा

मासे शैवाल खातात, परंतु त्यातील नायट्रोजन व फॉस्फरसचा मोठा भाग विष्ठेवाटे पुन्हा पाण्यातच येतो. त्यामुळे खाद्य मर्यादित ठेवणे, ठरावीक काळाने पाणी बदलणे आणि प्रोटीन स्किमर वापरणे यांना मासे पर्याय ठरत नाहीत. ब्रायोप्सिससारखे शैवाल व नीलहरित जीवाणूंचे थर बहुतेक मासे टाळतात.

टँग माशांना पोहण्यासाठी मोठी टाकी लागते. ते स्वजातीयांशी भांडतात आणि *क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स* या परजीवीमुळे होणाऱ्या श्वेतबिंदू रोगास सहज बळी पडतात. म्हणून नवा मासा काही आठवडे विलगीकरणात ठेवणे इष्ट असते. टाकीतील शैवाल कमी झाल्यावर त्यांना नोरीसारखे वाळवलेले समुद्री शैवाल द्यावे लागते.

संवर्धन

मत्स्यालयांसाठी पिवळे टँग दीर्घकाळ प्रामुख्याने हवाईच्या किनाऱ्यावर पकडले जात. हेच मासे तेथील प्रवाळभित्तींवरील शैवालही आटोक्यात ठेवतात. १९९८ च्या कायद्यान्वये हवाई बेटाच्या पश्चिम किनाऱ्याचा किमान ३० टक्के भाग या मासेमारीसाठी बंद करण्याचे ठरले. पर्यावरणीय आढावा घेतल्याखेरीज अशा व्यावसायिक मासेमारीचे परवाने देता येणार नाहीत, असा निर्णय २०१७ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. हवाई पॅसिफिक विद्यापीठाच्या ओशनिक इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये पिवळ्या टँगची पिल्ले प्रथमच बंदिस्त अवस्थेत वाढवण्यात यश मिळवले. त्यानंतर असे मासे बाजारातही उपलब्ध झाले.