शिवराई : लिलावातील खरेदी-विक्री

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास सुरू केलेले तांब्याचे नाणे. तांब्याची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वर हातोडा मारीत. ठसा चकतीहून मोठा असे, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे बहुधा कडेला तुटतात. पूर्ण अक्षरांच्या नाण्यावर लिलावात म्हणूनच चढाओढीने बोली लागते. हाच मजकूर पेशवाईतील शिवराई नाण्यांवरही आहे. त्यामुळे विक्रेत्याच्या ‘शिवकालीन’ या शब्दावर विसंबू नये, अक्षरवळण व किनारीचे ठिपके भिंगाखाली पाहावेत. ओतीव नकलेच्या कडेवर सांध्याची रेघ, पृष्ठावर बारीक छिद्रे आढळतात. नाणे घासूनपुसून चकचकीत करणे हा अक्षम्य अपराधच, किंमत कोसळते. अंतिम बोलीवर लिलावगृहाचे शुल्क व कर वेगळे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत.