लेड झेपलिन : ध्वनिमुद्रित संगीत

लंडनमध्ये १९६८ साली स्थापन झालेला इंग्लिश रॉक बँड. गिटारवादक व निर्माता जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लांट, बेस व कीबोर्ड वाजवणारे जॉन पॉल जोन्स आणि ड्रमवादक जॉन बॉनम हे चौघे शेवटपर्यंत एकत्र राहिले. जानेवारी १९६९ ते ऑगस्ट १९७९ या काळात त्यांचे आठ स्टुडिओ अल्बम निघाले. सुटी गाणी विकण्यापेक्षा अख्खा अल्बम ऐकवण्यावर त्यांचा भर होता.

नोव्हेंबर १९७१ मधला चौथा अल्बम सर्वांत महत्त्वाचा. त्याला नाव नाही, वेष्टनावर बँडचा उल्लेखही नाही. त्याचे बरेचसे ध्वनिमुद्रण हॅम्पशरमधील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत झाले. या अल्बममधील ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यासाठी बॉनम यांचे ड्रम जिन्याखालच्या दालनात मांडून वर जिन्यात मायक्रोफोन टांगले होते. त्या घुमणाऱ्या, जडशीळ ठोक्याची नक्कल पुढे असंख्य निर्मात्यांनी केली.

‘फिजिकल ग्राफिटी’ (१९७५) हा दुहेरी अल्बम त्यांच्या आवाक्याचा उत्तम नमुना. नंतरचे दोन मात्र त्या तोडीचे नाहीत. १९८० मध्ये बॉनम यांच्या निधनानंतर बँड विसर्जित झाला. उरलेल्या मुद्रणांचा ‘कोडा’ हा संग्रह १९८२ मध्ये आला.

पेज व प्लांट यांनी १९७२ साली मुंबईत भारतीय वादकांसह ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही गाणी मुद्रित केली होती. ती ‘कोडा’च्या २०१५ च्या विस्तारित आवृत्तीत अधिकृतपणे प्रसिद्ध झाली.